वाचलं, आता मी काय करू?

काळमेघ मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते नोटीस बोर्डासमोर. प्रवेशाचे दिवस होते. नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावाहून सकाळची पहिली एसटी धरून बाबा आणि मी नागपूरला आलो होतो आणि कॉलेजच्या बोर्डावरचं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचत होते: 'प्रवेशेच्छुक विद्यार्थ्यांनी मूळ प्रमाणपत्रांसह संबंधित कक्षाशी विहित मुदतीत संपर्क साधावा.' शेजारी सुती साडी नेसलेली, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेली एक बाई कंबरेवर हात ठेवून तेच वाचत होती. तिनं शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं आणि बोर्डालाच विचारावं तसं विचारलं, "वाचलं. आता मी काय करू?"

बाबांना वाटलं, हिचीही पोरगी आली असेल प्रवेशाला. ते समजूत घालत म्हणाले, "आमालेई नाही समजलं बाई. कवाचे उभे आहो."

"तुमची गलती नाही भाऊ," ती म्हणाली. "लिहिणाऱ्याची आहे. कक्ष कोणता ते लिहिलं नाही, मुदत कोणती ते लिहिलं नाही. निस्ती धमकी लिहून ठेवली आहे." तिनं पिशवीतून पेन काढलं आणि त्या नोटिशीवरच खोलीचा नंबर आणि शेवटची तारीख ठळक अक्षरात लिहून टाकली. आतून क्लार्क ओरडला. तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. थोड्या वेळानं आम्ही त्या खोलीत गेलो तर टेबलामागे हीच बाई बसलेली.

अभ्यासक्रमाचं नाव होतं टेक्निकल कम्युनिकेशन. दोन वर्षांचा, पदवीनंतरचा. मी बी.एस्सी. झाले होते, आणि एका मैत्रिणीच्या दादाला यातून पुण्यात नोकरी लागली एवढ्या भांडवलावर आम्ही आलो होतो. यात नेमकं काय शिकवतात, ते बाबांनी विचारलं. यंत्रासोबत जी माहितीपुस्तिका येते ती लिहायला शिकवतात, असं मॅडमनी सांगितल्यावर बाबांचा चेहरा पडला.

"मंजे मिक्सरच्या डब्यात येते ते? ते कोणी वाचते का मॅडम?"

"कोणीच वाचत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण जो वाचते, तो अडचणीत असते. त्याच्यासाठी लिहायचं."

बाबांनी तिथल्या तिथे फॉर्म भरला. संत्र्याच्या बागेतली मोटर बंद पडली की भर उन्हात विहिरीच्या काठावर बसून ते तसलं पुस्तक उलटसुलट करत बसत, आणि ते मला आणि त्यांनाच ठाऊक होतं.

मॅडम वर्गात अस्सल नागपुरी बोलायच्या आणि लिहायला लावायच्या ते मात्र असं की ते कुठल्या गावच्या माणसानं लिहिलंय हे कळता कामा नये. गृहपाठावर लाल पेनानं मारलेल्या रेघा बघून पोरी रडत. मीही रडले आहे. पहिल्या सत्रात मी मोटरच्या स्टार्टरवर चार पानं लिहिली, बागेचं वर्णन केलं, विहिरीचंही केलं. मॅडमनी वही परत दिली आणि म्हणाल्या, "पानापानावर तूच दिसून राहिली वं. स्टार्टर कुठं आहे?" मला इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्या तासाला बसले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी कॅन्टीनमध्ये गाठून विचारलं, "झालं का रुसून? चाल, आता स्टार्टर लिही."

'कृपया' या शब्दाशी त्यांचं उघड वैर होतं. "गॅस गळून राहिला तर 'कृपया खिडकी उघडावी' म्हणशील का गा? खिडकी उघडा म्हण, बह्याडा," हे त्यांनी एका मुलाला सगळ्यांसमोर ऐकवलं होतं. शनिवारी त्या आम्हाला सीताबर्डीच्या बाजारात घेऊन जायच्या. फिरायला नव्हे. मच्छर मारायच्या बॅटा, चार्जर, इस्त्र्या विकणाऱ्या एका ठेल्याजवळ आम्हाला उभं करायच्या आणि सांगायच्या, विकत घेणाऱ्याकडे पाहू नका, परत येणाऱ्याकडे पाहा, तो काय विचारतो ते लिहून घ्या. मग त्या प्रश्नांची उत्तरं आम्ही हातभर कागदावर लिहायची आणि ठेल्यावर चिकटवायची. महिन्याभरानं तो ठेलेवाला मॅडमकडे तक्रार घेऊन आला. "मॅडम, तुमच्या पोट्ट्यायनं कागद लावला तवापासून गिऱ्हाईक वापस येऊन नाही राहिलं. वापस आलं की काही ना काही दुसरं घेत होतं ना जी." मॅडम इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. तो कागद काढायला मात्र त्यांनी साफ नकार दिला.

एवढ्या जोरकस बाईची कॉलेजातली जागा काय होती? काहीच नव्हती. मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचे पैसे, उन्हाळ्यात काही नाही, आणि दर जूनमध्ये नवा अर्ज, नवी मुलाखत. ज्या खुर्चीत त्या वर्षानुवर्षं बसत होत्या तिच्यासाठीच दर वर्षी त्यांना विचारलं जाई, "अध्यापनाचा अनुभव आहे का?" अभ्यासक्रम त्यांनी रचला, कंपन्यांना पत्रं त्यांनी लिहिली, पोरांना मुलाखतीला बसवताना त्यांच्या शर्टाची बटणं त्यांनी तपासली. जाहिरातीच्या फलकावर नोकरी लागलेल्या मुलांचे फोटो असत आणि मधोमध संस्थाध्यक्षांचा हसरा फोटो. टेक्निकल कम्युनिकेशन म्हणजे मोबाईलचे टॉवर उभारण्याचं शिक्षण, असा त्या गृहस्थांचा शेवटपर्यंत समज होता. मॅडमचा फोटो कुठंच नसे. याबद्दल आम्ही चिडलो की त्या म्हणायच्या, "माहितीपुस्तिकेवर लिहिणाऱ्याचं नाव असते का वं?" तेव्हा हे मला फार थोर वाटायचं. आता वाटतं, अशा थोर वाक्यांवरच असली कॉलेजं चालतात.

मी दुसऱ्या वर्षाला गेले आणि कॉलेजच्या मूल्यांकनासाठी समिती येणार असं ठरलं. चांगली श्रेणी मिळाली तर संस्थेला हवं ते करायला मोकळीक मिळणार होती. तिच्यासाठी सगळ्या विभागांचा मिळून एक जाडजूड अहवाल लागतो. तो कोण लिहिणार? प्राचार्यांचं भाषण, संस्थाध्यक्षांच्या मुलाची लग्नपत्रिका, कोणी वारलं तर श्रद्धांजली, हे सगळं जी लिहायची तीच लिहिणार. मॅडम विभागाविभागांतून फिरल्या. प्राध्यापकांना आपण वर्षभर काय करतो हे तेव्हाच कळलं असावं. आम्ही दोघी-तिघी मदतीला होतो. मी अजूनही म्हणते, मी वाचलेला तो सर्वात स्वच्छ सरकारी मजकूर होता.

आमच्या विभागाचं पान आलं तेव्हा प्राचार्य स्वतः खोलीत आले. गोड बोलणारा माणूस. त्यांनी खुर्ची ओढली आणि 'नियमित अध्यापक' या रकान्यावर बोट ठेवलं. "इथं तुमचं नाव टाका मॅडम. सहायक प्राध्यापक आणि विभागप्रमुख. समिती गेली की जैसे थे."

"सर, मी तर त्या पदावर नाही."

"एका ओळीचा प्रश्न आहे."

"ओळ मी लिहून राहिली ना सर," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही तसा आदेश काढा, मी आत्ता लिहितो."

प्राचार्य हसले. "आदेश काढणं माझ्या हातात असतं तर! नाही लिहिलं तर कोर्सवर येईल, एवढंच सांगतो. मग मला बोल लावायचा नाही." ते निघून गेले. मॅडमनी लिहिलं: 'नियमित अध्यापक: एकही नाही. अध्यापन तासिका तत्त्वावर.'

आम्ही हादरलो. मी त्यांना हात जोडले. म्हटलं, मॅडम, लिहून टाका ना, सगळेच विभाग लिहितात, तुमची नोकरी जाईल, आमचं वर्ष जाईल, पहिल्या वर्षाची पोरं कुठं जातील? माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "वाचणाऱ्याले खोटं सांगायचं नाही. तुले दुसरं शिकवलंच काय मी?" त्या क्षणी मला त्यांचा अभिमान वाटला असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मला संताप आला होता.

समिती आली त्या दिवशी मॅडमना घरी थांबायला सांगण्यात आलं होतं. भूगोल विभागात संस्थेच्याच शाळेतले खेळाचे मास्तर टाय लावून प्राध्यापक म्हणून बसले होते. समितीतल्या एका वयस्कर सरांनी अहवालाची सर्वांसमोर तोंड भरून स्तुती केली. इतकं स्पष्ट लिहिलेलं आपण आजवर वाचलं नव्हतं, म्हणाले. प्राचार्यांनी मान लववून ती स्तुती स्वीकारली. कॉलेजला उत्तम श्रेणी मिळाली, फाटकावर हार लागले, आणि समितीच्या शेऱ्यांत एक शेरा आमच्या वाट्याला आला: नियमित अध्यापक नसलेला अभ्यासक्रम चालवू नये. भूगोल वाचला. आम्ही बुडालो. त्यांनी इतकं स्पष्ट लिहिलं होतं की शेरा मारणाऱ्याला शोधायचेही कष्ट पडले नाहीत.

पहिल्या वर्षाच्या मुलांना दुसरे विषय घ्यायला सांगितलं. त्यातले निम्मे घरी गेले. आमचं शेवटचं सत्र इंग्रजीच्या एका सरांनी कसंबसं उरकलं आणि मुलाखतींसाठी एकही कंपनी फिरकली नाही. मॅडमना नोटीस मिळाली तेव्हा मी ऑफिसच्या खिडकीशीच होते. 'उद्यापासून आपल्या तासिका बंद करण्यात येत आहेत. ग्रंथालयाची पुस्तके आज पाच वाजेपर्यंत जमा करावीत.' त्यांनी ती उभ्यानं वाचली. मी वाट बघत होते, आता विचारतील. त्यांनी कागदाची घडी घातली आणि क्लार्कला म्हणाल्या, "या कॉलेजातली ही पहिली नोटीस आहे गा, जी वाचून काय करायचं ते समजते." मग खरंच पुस्तकं आणायला गेल्या.

मला नोकरी मिळाली, वर्षभर पुण्यात खस्ता खाल्ल्यावर. आधी पॅकिंगच्या यंत्रांच्या कंपनीत, मग सॉफ्टवेअरमध्ये. या धंद्यात माझं बरं चाललंय आणि त्यातलं सगळं मॅडमचं आहे, हे माझ्या बायोडेटात लिहायला कुठं रकाना नाही. घरून काम करता यायला लागल्यावर मी नागपूरला परतले आणि एकदा मनीषनगरला त्यांच्या घरी गेले. त्यांनी लग्न केलं नव्हतं, धाकट्या भावाकडे राहायच्या. पुढच्या खोलीत प्लास्टिकचं टेबल होतं. "इंग्लिश स्पीकिंगचे क्लास घेऊन राहिली," त्या म्हणाल्या. "माय नेम इज. कॉलनीतले पोट्टे येतात."

चहा झाला आणि मला राहवलं नाही. इतकी वर्षं गिळलेलं बोलून टाकलं. म्हटलं, तुम्ही एक ओळ लिहिली असती तर आज तो विभाग असता, तुम्ही असता, दर वर्षी वीस-पंचवीस पोरं मार्गाला लागली असती. मला वाटलं, चिडतील. तत्त्वाचं काहीतरी सुनावतील. त्या कपातल्या साखरेकडे बघत म्हणाल्या, "रोज वाटते वं. रोज. लिहून टाकली असती तर काय झालं असतं?"

"मग का नाही लिहिली?"

"हात नाही चालला. काहून, ते मलेही नाही समजलं." माझा राग उतरला नाही, पण तो कोणावर काढावा हे कळेना.

गेल्या वर्षी एका सकाळी उठले तर माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कॉलेजचा संदेश आदल्या संध्याकाळपासून पडलेला होता. 'आमच्या महाविद्यालयाच्या टेक्निकल कम्युनिकेशन विभागाच्या माजी विभागप्रमुख, विद्यार्थिप्रिय प्राध्यापक, कर्तव्यदक्ष व्यक्तिमत्त्व कु. काळमेघ मॅडम यांचे दुःखद निधन झाले. महाविद्यालय परिवाराची कधीही न भरून निघणारी हानी.' खाली जोडलेल्या हातांची रांग. शंभर-सव्वाशे तरी असतील.

विभागप्रमुख. प्राध्यापक. जी ओळ त्यांनी जिवंतपणी लिहिली नाही ती त्यांना खोडता येईना तेव्हा लिहिली गेली. ज्या ओळीसाठी मी हात जोडले होते, ती बघून माझ्या अंगाची आग झाली. मी संदेश पुन्हा वाचला. अंत्ययात्रा किती वाजता, कुठून निघणार, कुठल्या घाटावर, काही नव्हतं. मी ग्रुपवर विचारलं. उत्तरादाखल आणखी दोन हात जोडले गेले. मॅडमचा फोन बंद होता. मी गाडी काढली.

मनीषनगरला पोचले तेव्हा अंगण धुऊन झालं होतं. मंडपवाल्याचा माणूस भाड्यानं आणलेल्या खुर्च्या हातगाडीवर चढवत होता. एकात एक घातलेल्या, आल्या होत्या तशाच. मॅडमची भावजय दारात बसली होती. मी कोण ते सांगितलं.

"सकाळी आठलेच नेलं जी," ती म्हणाली. "घरचेच होतो आम्ही. या खुर्च्या कॉलेजच्या लोकायसाठी बोलावल्या होत्या. लै शिकवलं न त्यायनं, पोट्टे येतीन म्हटलं. कोणाले समजलंच नसन."

"सगळ्यांना समजलं होतं," मी म्हणाले. "कुठं यायचं ते कोणी लिहिलं नव्हतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मंडपवाल्याला हाक मारून एक खुर्ची ठेवून जायला सांगितलं.