अर्माच्या वॉल्ट्झचा तिसरा भाग

व्हर्लिन स्टोकरच्या हातात कला होती, यावर ऑइलडेलमध्ये कुणाचं दुमत नव्हतं. अकलेबद्दल मात्र दोन मतं होती, आणि हल्ली व्हर्लिन स्वतःच दुसऱ्या बाजूला जाऊन बसलाय.

त्र्याऐंशी साली त्याचा बँड 'कॉपर स्पर' नावाच्या बारमध्ये दर शनिवारी वाजवायचा. वाडवडिलांची गुराख्यांची गाणी घ्यायची आणि मागे कुत्रं लागल्यासारखी पळवायची, एवढाच त्यांचा उद्योग. पोरं त्याला काउपंक म्हणत. व्हर्लिनचा बाप हॉयट त्याला नुसतं 'घाई' म्हणे.

हॉयट आठवडाभर तेलविहिरींवर राबायचा आणि शनिवारी नाचघरात फिडल वाजवायचा. फिडल म्हणजे व्हायोलिनच, पण लोकांना नाचवायला बसलेलं. लग्नात त्याने बायकोसाठी, अर्मासाठी, एक वॉल्ट्झ बांधला होता. तीन मात्रांची संथ, डुलती चाल. तिचे दोन भाग सगळ्या गावाला पाठ. तिसरा तो फक्त घरी वाजवायचा, अर्मा बिस्किटांचं पीठ मळत असताना. चारचौघांत नाही, हा त्याचा नेम. व्हर्लिनने तो लहानपणी ऐकला होता, पण घरच्या वस्तूकडे कोण लक्ष देतं? पुढे नाचघरं बंद पडली आणि फिडल कपाटावर गेली.

त्या वॉल्ट्झची व्हर्लिनच्या बँडने थट्टा करून ठेवली होती. सुरुवात व्हर्लिन अगदी संथ करायचा. म्हातारी जोडपी भुलून उठायची, हातात हात घेऊन डुलायला लागायची. मग व्हर्लिन गिटारचा दांडा खाली झुकवायचा. ती खूण. त्यासरशी रमोना ओचोआ ड्रमवर तुटून पडायची, पोरं उड्या मारत घुसायची आणि म्हातारे भिंतीला लागायचे. सगळा बार हसायचा. म्हातारेही हसायचे, निदान तसं दिसायचं तरी.

आणि तरी व्हर्लिनच्या मनात एकच होतं, की डॅडींनी एकदा आपल्याबरोबर वाजवावं. त्याने किती वेळा विचारलं. हॉयट म्हणायचा, माझे गुडघे गेलेत, मला तुमच्या मागे पळता येत नाही. पण एका शनिवारी दुपारी त्याचा फोन आला.

"आज तुझी आई आणि मी येतोय. माझा वॉल्ट्झ वाजवता म्हणे तुम्ही."

"वाजवतो, डॅडी."

"सरळ वाजवता ना?"

"हो, सरळ."

व्हर्लिनने रमोनाला बजावलं, आज खूण नाही, शेवटपर्यंत संथ. रमोना म्हणाली, "दांडा खाली आला तरच मी घुसणार. मला नको सांगूस, स्वतःच्या हाताला सांग."

हॉयट इस्त्रीचा शर्ट घालून आला, अर्मा नाचाचा निळा झगा. वॉल्ट्झ सुरू झाला आणि दोघं उठले. तिच्या पाठीवर त्याचा हात असा टेकला की पिणाऱ्यांनीही ग्लास खाली ठेवले. पहिला भाग झाला, दुसरा सुरू झाला. व्हर्लिनला वाटलं, जमलं.

तेवढ्यात पुढची पोरं टेबलं बडवायला लागली. त्यांना गंमत हवी होती, त्यासाठीच तर ती आली होती. "खाली, व्हर्लिन, खाली!" व्हर्लिनने बापाकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं. टाळ्यांची चटक फार वाईट. ती लागली की माणसाला आईबाप दिसत नाहीत. दांडा खाली गेला.

पोरं घुसली. कुणाचा तरी धक्का अर्माच्या खांद्याला बसला. हॉयटने तिला दोन्ही हातांनी जवळ धरलं आणि धुळीच्या वादळात उभं राहावं तसा तो गाणं संपेपर्यंत जागीच उभा राहिला. मग स्टेजपाशी आला.

"पोरं खूश झाली. छान."

"डॅडी, ऐका ना..."

"घाम पूस. तुमची गाणी उरली असतील अजून."

व्हर्लिन गिटार टाकून मागे धावला. बाहेर अजून ऊन होतं. ट्रकच्या सीटवर फिडलची पेटी होती. बसायला जागा करायची म्हणून अर्माने ती उचलून मांडीवर घेतली. व्हर्लिन बघतच राहिला.

"नव्या तारा चढवल्यात," अर्मा म्हणाली. "सकाळपासून हे तुमचा तो वेग पकडायला बघत होते. आणि तिसरा भाग आज सगळ्यांसमोर वाजवणार होते, तुझ्याबरोबर."

"अर्मा, पुरे," हॉयट म्हणाला आणि त्याने ट्रक चालू केला.

बँड पुढे मोडला, जसे सगळेच मोडतात. अर्मा गेली. हॉयटची बोटं सांधेदुखीने वाकडी झाली. व्हर्लिन आता लोकांचे कूलर दुरुस्त करतो आणि रविवारी दुपारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांसाठी वाजवतो. रमोनाही असते. अर्माचा वॉल्ट्झ दर रविवारी होतो, संथ.

एकदा व्हर्लिनने बापाला विचारलं, तिसरा भाग नुसता गुणगुणून तरी दाखवा. हॉयट रागावला नाही. बराच वेळ मांडीवर बोटं आपटत बसला.

"नाही येत रे," तो म्हणाला. "तुझ्या आईबरोबर गेला तो. त्या दिवशी होता माझ्यापाशी."

रविवारी हॉयट पुढच्या खुर्चीत बसतो आणि बुटाने ताल धरतो. दुसरा भाग संपला की त्याचा पाय वर उचललेला तसाच थांबतो, कान टवकारल्यासारखा. व्हर्लिनला पुढचं येत नाही. तो पुन्हा पहिला भाग धरतो, आणि थोड्या वेळाने म्हाताऱ्याचा पाय खाली येतो.