आधी मोजा, मग पुसा

उत्तमराव गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं, सुनीतानं केला, तेव्हा मी कॉम्प्युटरवरचे जुने फोटो पुसत बसलो होतो. माउसनं, एकेक करून. फोन ठेवल्यावर पहिला विचार आला तो हा, की उत्तमरावांनी हे काम एका ओळीत उरकलं असतं. माणूस गेल्यावर असलं काही सुचावं याची लाज वाटली. पण आमची मैत्रीच तिथली...

परभणीतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात आम्ही दोघं क्लार्क. नव्वदच्या सुमारास तिथं पहिला कॉम्प्युटर आला. माउस नाही, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर नुसती हिरवी अक्षरं. आज ज्याला फोल्डर म्हणतात त्याला तेव्हा डायरेक्टरी म्हणत, आणि एकीतून दुसरीत जायचं तर ‘सीडी’ असा हुकूम टाइप करावा लागे. आम्ही बाकीचे बटणं शोधत बसायचो. उत्तमरावांचं मात्र सीडी, दोन टिंबं, एंटर, की बाहेर; पुन्हा सीडी, की थेट दुसऱ्या वर्षाच्या अर्जांत. स्वयंपाकघरात बाई न बघता नेमक्या डब्यात हात घालते तसं. डायरेक्टऱ्यांना नावंही त्यांनी दोन-दोन अक्षरांची दिली होती, म्हणजे बोटांची पायपीट कमी. एक तेवढी मोठ्या साहेबांनी सुरुवातीलाच करून घेतलेली, परीक्षा अर्जांची. तिला विद्यापीठाचं तेव्हाचं नाव होतं.

एवढा चपळ माणूस पुसायची वेळ आली की गोगलगाय व्हायचा. आधी कॉपी, मग दोन्हीकडच्या याद्या काढून बोटानं मोजणी. मी चिडवायचो, "उत्तमराव, मशीन काय चोऱ्या करायलंय का?" एकदा ते शांतपणे म्हणाले, "दत्ताभाऊ, अठ्ठ्याहत्तरला आमचं घर जाळलं. माझं म्याट्रिकचं सर्टिफिकेट त्यातच गेलं. दुसरी कापी नव्हती. ती काढायला लय हिंडलो." विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव बौद्ध वस्त्या पेटल्या, तेव्हाची ही गोष्ट. त्याच दिवसांत नामांतराविरुद्धच्या मोर्च्यात मी घसा बसेपर्यंत ओरडलो होतो. वर्गातली पोरं निघाली म्हणून मीही निघालो. मी कुणाचं घर जाळलं नाही, एवढीच काय ती सफाई. हे त्यांना कधी सांगितलं नाही. हिंमत झाली नाही.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला नामांतर झालं. सोमवारी उत्तमराव साहेबांपुढे उभे राहिले : मशीनमधलंही नाव बदलायचं. साहेब म्हणाले, "पाटी बदलली, पुरे झालं. एक अर्ज जरी गेला तर तुमच्या नोकरीवर येईल. बघा बुवा." त्या मशीनवर डायरेक्टरीचं नाव सरळ बदलता येत नसे. नव्या नावाची करायची, सगळं तिकडं न्यायचं, मग जुनी रिकामी करून मोडायची. उत्तमरावांनी कॉपी केली. याद्या काढल्या, दोनदा मोजल्या. पुसायचा हुकूम दिला. पडद्यावर प्रश्न आला : नक्की पुसायचं? हो म्हणायला वाय, नाही म्हणायला एन.

त्यांनी हात मागं घेतले. "हे तुमी दाबा, दत्ताभाऊ."

मला घाम फुटला. उद्या काही गेलं तर एकट्याच्या गळ्यात नको, म्हणून मला ओढतायत, असं वाटलं. रागही आला. नाही म्हणणं सोपं होतं. पण ते माझ्याकडे बघत होते... मी वाय दाबलं. काही गेलं नाही. त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही, आणि त्यांनी मला जोखमीत ओढलं हा सल मात्र मी तीसएक वर्षं जपून ठेवला.

परवा सुनीताकडे जाऊन आलो. तिनं एक जुनी फ्लॉपी हातात ठेवली. वर त्यांचं टाइप केल्यासारखं अक्षर : 'जुनी डायरेक्टरी. पूर्ण. मोजली. शनिवार.' म्हणजे सोमवारी मी घाम पुसत होतो तेव्हा सगळं आधीच सुखरूप होतं. जोखीम नव्हतीच.

"पप्पा सगळ्यांना सांगायचे," ती म्हणाली, "आमच्या हापिसात नामांतराचं बटण दत्ताभाऊनी दाबलं म्हणून."

मग मात्र राहवलं नाही. मोर्च्याचं सांगून टाकलं. चहाचा कप खाली ठेवून ती म्हणाली, "त्यांना ठाव होतं, काका. म्हणून तर सांगायचे."

फ्लॉपी माझ्या टेबलावर आहे. ती वाचणारं यंत्र आता कुणाकडे नाही. फोटो पुसायचे अजून तसेच राहिलेत.