ताईंच्या बॅगेतला डबा

माझ्या थोरल्या नणंदेने, ताईंनी, माझ्या तेव्हा सात महिन्यांच्या मुलीला फसवलं. आज इथे जपानात, इचिकावा स्टेशनवर एक आई बाळाची बाटली हलवत होती. पावडरच्या दुधाचा तो गोडसर, कोमट वास आला आणि माझं डोकं पुन्हा तापलं.

काही वर्षांपूर्वी इथे झालेल्या मोठ्या भूकंपानंतरचा आठवडा होता. भीतीने माझं दूध आटलं होतं. दुकानदाराशी हुज्जत घालून मी दूधपावडरचा शेवटचा डबा मिळवला आणि ताईंसोबत आम्ही मुंबईला निघालो. "तुझ्या कडेवर बाळ आहे, डबा माझ्या बॅगेत दे," ताई म्हणाल्या.

तयार बाटली विमान सुटण्याआधीच संपली. मी डबा मागितला. "अगं बाई, तो मोठ्या सामानात गेला वाटतं!" विमानातही बाळाचं दूध नव्हतं. नऊ तास मी तिला चमच्याने साखरपाणी पाजलं. रडून रडून तिचा आवाज बसला. वर मीच ताईंची समजूत घातली, "जाऊ द्या, घाईत होतं असं."

मुंबईला त्यांच्या नवऱ्याचे साहेब घ्यायला आले होते. विमानभर पायाशी ठेवलेल्या बॅगेतून ताईंनी डबा काढला. "खास जपानचं दूध, साहेब. तुमच्या नातवाला."

तेव्हा मी चारचौघांत गप्प बसले. आज इचिकावात माझं मसाल्याचं दुकान आहे, पोतं उघडून पाहिल्याशिवाय मी माल घेत नाही. ती बॅग उघडली नाही, ही माझी चूक. रविवारी ताई इथे येताहेत. माझ्या मुलीकडे बघून सांगा, ताई, नऊ तास तिचं रडणं तुम्ही ऐकलंत कसं?