उन्हात दाखवलेलं घर

आमच्या भागातल्या घरदलालाचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागत असेल. दर दुसऱ्या वाक्याला "माझी हमी", म्हणून सगळ्यांच्या तोंडी तो हमीभाऊ. नदीकाठच्या वसाहतीतली तळमजल्याची निम्मी घरं त्यानंच खपवली.

घर दाखवायचं ते भर उन्हाळ्यात, टळटळीत दुपारी. घामानं निथळणाऱ्या माणसाला पुराचं भय वाटतंय कशाला? तो बिचारा नदीकडच्या खिडकीत उभा राहून गार वारा खातो आणि तिथंच फसतो. एखादं चिकट गिऱ्हाईक म्हणायचं, "पेपरात येतंय, हवामान बदललंय, नद्या आणखी फुगणार." हमीभाऊ हसायचा. "त्यांना उद्याचा पाऊस सांगता येत नाही, आणि म्हणे पुढची वीस वर्षं." एवढ्यानं भागलं नाही तर शेजारच्या काकू होत्याच. "काकू, इकडे पाणी येतं का हो?" काकू हात पुसत सांगायच्या, "छे हो, उंबऱ्याला थेंब लागलेला नाही." गेली दोन वर्षं लागोपाठ याच काकू ऐन पावसाळ्यात बहिणीकडे मुक्कामाला जातात, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. पण पाण्याचा बोभाटा झाला की घराची किंमत बसते, हे त्यांना हमीभाऊनंच पढवलेलं.

आणि एक दिवस जावई लेकीला घेऊन, पेढे वाटायला निघाल्यासारखा चेहरा करून आला. "बाबा, तुम्ही घरं विकता त्याच नदीकाठच्या वसाहतीत घर पाहिलं. तळमजला आहे, हिला जिने चढायला नकोत."

लेकीला सातवा महिना. बाळ येणार ते पावसाळ्याच्या तोंडावर. हमीभाऊनं चहाची बशी खाली ठेवली.

"तिथं पाणी शिरतं," तो म्हणाला.

"माझ्या काकांना घर विकताना तर म्हणाला होतात, असं पाणी जन्मात एकदाच येतं, ते येऊन गेलं."

"धंद्यात बोलावं लागतं."

"म्हणजे तेव्हा खोटं की आता?" लेक म्हणाली. "सरळ सांगा ना बाबा, आम्ही जवळ यायला नकोय तुम्हाला."

शेवटी तो दोघांना घेऊन काकूंच्या दारात गेला. "काकू, खरं सांगा. पाणी येतं की नाही?"

"छे हो."

"अहो, ही माझी सख्खी लेक आहे."

काकूंनी तिला कधी पाहिलेलंच नव्हतं. त्यांना वाटलं, भाऊंनी नवी युक्ती काढली. त्या डोळा मिचकावून म्हणाल्या, "लेक असो की सून, थेंब नाही."

घर घेतलं गेलं. त्यावर कडी म्हणजे, 'दलालानं पोटची पोर तिथं ठेवलीय, मग आपल्याला काय धाड भरलीय' म्हणत वर्षभर कुंपणावर बसलेली दोन बिऱ्हाडं येऊन दाखल झाली. "घेऊ नका," म्हणून हमीभाऊ हात जोडत होता. "दुसरं तगडं गिऱ्हाईक सापडलेलं दिसतंय," लोक म्हणाले.

आता बाळ तीन आठवड्यांचं आहे. हमीभाऊची झोप उडालीय. उठल्यासुटल्या पुलावर जाऊन पाणी बघतो. वरच्या मजल्यावर त्यानं भाड्यानं एक खोली घेऊन ठेवली, ती रिकामीच. काल दुपारी आभाळ काळंकुट्ट झालं, वरच्या अंगाला पाऊस कोसळत असल्याची बातमी आली, तसा तो लेकीच्या दारात उभा.

"वर चल."

"कोणी हललंय का, बघा बरं. सगळे घरात आहेत. आम्हीच पळत सुटलो तर हसतील."

"हसू देत."

"बाबा, नुसते ढग आहेत."

त्यानं बाळ दुपट्यासकट उचललं आणि जिन्याची वाट धरली. लेक ओरडत, उशा कवटाळत मागून निघाली. ती चढताना समोरच्या नव्या बिऱ्हाडातली बाई दारात आली, बघत राहिली आणि आत वळून नवऱ्याला म्हणाली, "गादी उचला आधी." मग पलीकडचं दार उघडलं. थोड्या वेळानं काकूही पिशवी घेऊन बाहेर पडल्या आणि कुणाकडे न बघता जिना चढू लागल्या.

नदी तेव्हा काठाच्या खाली होती. किती खाली, हे बघायला मात्र कोणी गेलं नाही.