लुबाबाईंच्या सपाता

आमच्या किल्ल्यात नुसत्या बुटांनी कुणाला आत सोडत नाहीत. दारात तीन पेट्या आहेत, त्यांत नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, जाड सपाता. त्या बुटांवरूनच चढवायच्या आणि पाय न उचलता सरकत चालायचं. त्या पेट्यांवर सव्वीस वर्षं लुबाबाईंचं राज्य. मी समोरच्या खिडकीत तिकिटं देते, त्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

लोकांना वाटतं, सपाता असतात त्या फरशीवर ओरखडे पडू नयेत म्हणून. खुळे कुठले! लुबाबाई त्यांच्याकडून फरशी घासून घ्यायच्या, तीही तिकीट काढायला लावून. सकाळी गुडघे टेकून लाकडी फरशीला मेण लावायचं आणि मग जिथे चकाकी कमी, तिथे पाहुणे न्यायचे. “या खिडकीतून तळं बघा हं,” असं म्हणाल्या की समजावं, खिडकीखाली डाग पडलाय. एखादा जाडजूड गडी आला की बाईंची कळी खुलायची. “चांगलं वजन आहे हो,” असं मला हळूच सांगून जायच्या.

मग शिमूनेक साहेब आले. किल्ल्याचे नवे व्यवस्थापक. वय चौतीस, बूट टोकदार, आणि स्वतः सपाता घालायच्या म्हटलं की नाक मुरडायचे. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं, “हे जुनाट प्रकार बंद. सोमवारपासून गालिचा.” सपाता गेल्या की बाईंचं कामही गेलं, हे सांगायला ज्योतिषी नको होता. त्या दिवशी सूप गार झालं तरी बाईंचा चमचा नुसता वाडग्यात फिरत होता. मला फार वाईट वाटलं.

शेवटी त्या साहेबांना म्हणाल्या, “शनिवारी फक्त मोठा दिवाणखाना बघा. नाही आवडला तर गालिचा मीच अंथरून देते.”

शनिवारी सकाळपासून पाऊस. तळ्यात पोहायला आलेली सगळी सुट्टीवरची मंडळी किल्ल्यावर. ओले रेनकोट, पावात दाबलेल्या तळलेल्या मांसाचा वास, रांग पार पुलापर्यंत. आणि अकरा वाजता बसमधून उतरली शेजारच्या मोराविया प्रांतातल्या खाटिकांची सहल. एकतीस खाटीक, एकेक शंभर किलोच्या पुढचा. लुबाबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

तिकिटांची खिडकी लावून मीही मागोमाग दिवाणखान्याच्या दारात गेले. आत नेऊन बाईंनी त्यांना सांगितलं, “इथे जो नाचत तीन फेऱ्या मारतो, त्याला त्या साली रानात भरपूर अळंब्या सापडतात.” सव्वीस वर्षांत ही दंतकथा मी पहिल्यांदाच ऐकत होते. पण अळंब्यांसाठी आमचा माणूस काय करणार नाही? खाटिकांनी एकमेकांच्या कमरेला हात घातले आणि गाणं म्हणत गोल फिरायला लागले. चौथ्या फेरीला वरचं झुंबर खाली फरशीत दिसू लागलं.

गोंगाट ऐकून शिमूनेक साहेब धावत आले. नुसत्या बुटांनी. “काय चाललंय इथे?” एवढं म्हणेपर्यंत ते दारातून निघून, खाटिकांच्या मधून घसरत थेट पलीकडच्या, थंडीत दिवाणखाना तापवायच्या मोठ्या शेगडीपाशी जाऊन बसले होते. खाटिकांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

साहेब बसल्या जागेवरून म्हणाले, “फरशीला ओल आलीय.” पडलो तरी नाक वर.

“ओल नाही, साहेब. मेण,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेटीतल्या सपाता आणून समोर ठेवल्या.

साहेबांनी खाली पाहिलं. फरशीत त्यांचा स्वतःचा लालबुंद चेहरा केसन् केस स्पष्ट दिसत होता. मग गुपचूप सपाता चढवायला लागले.

मी दारातूनच विचारलं, “मग सोमवारचा गालिचा?”

“अशा फरशीवर गालिचा? वेड लागलंय का तुम्हाला?” जणू काही कल्पना माझीच होती.

लुबाबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “घातल्याच आहेत तर शेगडीभोवती फिरा जरा, साहेब. तिथे चकाकी अजून मंद आहे.”

साहेब निमूटपणे फिरले. दोन फेऱ्या झाल्यावर बाईंजवळ थांबून हळूच म्हणाले, “अळंब्यांचं ते खरं आहे का हो?”

“अजून एक फेरी राहिलीय,” बाई म्हणाल्या.