सुमन शांत नव्हती, इब्लिस होती

चंद्रपूरच्या दवाखान्यात त्या शेवटच्या दुपारी माझा चष्मा हरवला. खाट पाहिली, टेबल पाहिलं, बाहेरच्या बाकड्यापर्यंत जाऊन आलो... सुमन डोळे मिटून पडलेली. नर्सबाई म्हणाली, "आजी किती शांत आहेत, नाही?" मी म्हटलं, "बाई, तिच्या उशीखाली हात घाला." चष्मा तिथंच निघाला. सुमनचे डोळे मिटलेलेच, पण ओठ थरथरत होते. हसू दाबायची तिची तीच रीत. संध्याकाळी माझी बायको गेली.

पुण्यानुमोदनाला, तिच्या शोकसभेत, माणसं माइकवर बोलली. सोज्वळ, सोशिक, शांत... जो उठे तो हेच म्हणे. मले राहवलं नाही. उठलो आणि बोललो, "माही बायको शांत नव्हती. इब्लिस होती." मांडवात चुळबूळ झाली. नंतर एक शिकलेले पाहुणे मले बाजूला घेऊन म्हणाले, "काका, इब्लिस म्हणजे सैतान. गेलेल्या माणसाला असं म्हणू नये." पुस्तकात असेल तसं. मी चार वर्ग शिकलेला. आमच्या मूल तालुक्यातल्या गावात तो शब्द कसा चालायचा, तेवढं मले ठाऊक आहे.

नुकसान करून पळणाऱ्याले आम्ही बदमाश म्हणत होतो. इब्लिस पळत नाही. खोडी काढून तिथंच साळसूद तोंड करून उभा राहतो, तुमची फजिती पाहायले. आणि परक्यानं हा शब्द म्हटला तर भांडण होई. तो म्हणायचा हक्क घरच्या माणसाचा, ज्याच्या ताटाशेजारी आपलं ताट मांडलं जाते त्याचा. म्हणतानी कपाळावर आठ्या पाहिजेत आणि पोटात हसू.

माझी आई कडक बाई. सून आल्यापासून तिच्या तोंडात हाच शब्द. धानाच्या रोवण्यात दुपारी बाया बांधावर आडव्या झाल्या की सुमन आईच्या लुगड्याचा पदर शेजारच्या काकीच्या पदराले बांधून ठेवे. दोघी उठायले गेल्या की एकमेकींवर पडत. आई ओरडे, "इब्लिस कुठची! थांब, तुले दाखवतो!" सुमन सासूलेच विचारे, "काय झालं जी मामीजी?" असं आमचं घर चाले.

मग ऐंशीच्या पुढच्या सालातली गोष्ट. आमची तान्ही पोर तापानं गेली. सुमन रडली नाही. मुकाट्यानं उठे, पाणी भरे, भात मांडे, बसून राही. गावच्या बाया म्हणू लागल्या, "किती सोशिक सून आहे वो तुमची! आवाज नाई का काई नाई." आई त्यांच्यापुढं काही बोलत नसे. मले म्हणे, "तारीफ करून राह्यल्या रांडा... ही अशीच राह्यली तर हीही जाईल रे आपल्या हातातून." तिनं सुनेले इब्लिस म्हणणं सोडलं होतं. सुमनबाई म्हणे. बाई! घरात ते ऐकवत नसे.

पुढच्या रोवण्याले सुमन रांगेत वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावत होती. मी पऱ्ह्यांच्या पेंढ्या टाकत होतो. आई तिच्या मागून हळूच आली, ओंजळभर थंड चिखल उचलला आणि सुमनच्या पोलक्यात पाठीवरून सोडून दिला! रांग जागच्या जागी थांबली. लेकरू गेलेल्या सुनेची अशी मस्करी कोणी करते? आई आपल्या जागी जाऊन पऱ्हे लावू लागली, जशी काही तिची गोष्टच नाही. सुमन सरळ झाली. वळून बराच वेळ आईकडं पाहत राहिली... मग ती ओरडली, "इब्लिस बुढी!" आणि आईच्या अंगावर धावली. दोघी पाण्यात पडल्या. सुमन तिथंच आईच्या गळ्यात पडून हमसून रडली, अन् रडता रडता हसली. आई चिखलात बसूनच बायांले म्हणाली, "आली वो... माही सून आली."

म्हणून मांडवात मी उठलो. तिचं ते मुकं साल म्हणजे आमचं सगळ्यात वाईट साल. लोकं तिचा तोच चेहरा आठवून गेले असते.

आता घरात सून माझी फार काळजी घेते. हळू बोलते, "बाबा, जेवून घ्या जी," म्हणते. परवा मी तिची सांडशी तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवली आणि दारात साळसूद तोंड करून बसलो. तिनं सारं घर उलथंपालथं केलं. सांजेले तांदूळ काढतानी सांडशी हाताले लागली. मी वाट पाहत होतो... ती रागावली नाही. आत जाऊन माझ्या पोराले म्हणाली, "अवो, बाबा विसरून राह्यले आता. डॉक्टरले दाखवून आणा."

आज सकाळी सांडशी पुन्हा तांदळात ठेवली, पहिल्यापेक्षा खोल.