ओढ्याला दिलेली रिकामी पिशवी

दुपारचं जेवण अंगावर आलंय. खाटेच्या पायाला प्लास्टिकची पिशवी अडकवलीय, रिकामी, कोरडी. तिच्याकडं बघत, दात खातच माझा डोळा लागतो.

राग हणमंत बागाईतदाराचा. त्यानं ओढ्याकाठी खोल बोअर पाडल्यात आणि ओढा आटत चाललाय. मी म्हणते, बोअर ओढ्याचं पाणी खालून खेचतात. उद्या ग्रामसभेत मला हे दाखवायचंय. म्हणून अर्धा कापलेला ड्रम ओढ्याच्या तळात पालथा रोवला, त्याच्या भोकाला नळी, नळीला ही पिशवी. जमिनीतलं पाणी वर येत असेल तर पिशवी फुगते. फुगली नाही.

"म्हंजे वढा देईना न् घेईना," हणमंत चारचौघांत हसला. "पिशवीवाल्या बाई, झोपा आता."

शाळा मी पाहिली नाही. अक्षर स्वतः गिरवलं, ही पिशवीची युक्तीही पुस्तकातूनच काढली. आणि हा मला झोपा म्हणतो!

"मग निजलीस की," कुणीतरी म्हणतं.

चुलीपुढं हौसावन्सं बसल्यात, माझी थोरली नणंद. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, हे मला माहीत आहे. त्यांनाही. त्या भाकरी थापतात आणि परातीतलं पीठ ओली वाळू होतं. आम्ही ओढ्यात उभ्या आहोत. चूल पाण्यावर तशीच पेटलेली.

"शेवंते, पिशवी कशी बांधलीस गं?"

"रिकामी. वारं काढून, नीट."

"अगं बया! शेजारणीचं भांडं परत देताना काय करतो आपण?"

"चिमूटभर साखर घालतो. रिकामं देत नाही."

"आन् वढ्याला रिकामं दिलंस! त्यानं काढून घ्यावं म्हणलं, तर त्यात हाय काय?"

पाणी वर येतंय का, एवढंच मी बघत होते. खाली जात असेल तर पिशवीतलं कमी व्हायला हवं, आणि तिच्यात काही नव्हतंच.

"अर्धी भर. येणाऱ्याला जागा, जाणाऱ्याला पाणी."

"तुम्हाला कुणी शिकवलं हे?" मी चिडते.

"तूच की. भाकऱ्या करताना मोठ्यानं वाचायचीस. माझे कान काय चुलीत हुते?" त्या हसतात. "पाणवठ्यावर समद्यांस्नी सांगायची मी, आमची शेवंता वाचती! आता तोंड पाडू नगं. हणम्याचं नाक पुसलंय मी. त्याला काय भ्यायचं?"

ओढ्यात आता ग्रामसभा भरलीय. सगळा गाव घोट्याएवढ्या पाण्यात मांडी घालून बसलाय. वन्सं लुगड्याचा जांभळा काठ टर्रकन फाडतात, पिशवी अर्धी भरून तोंड आवळतात.

"ताठ उभी ऱ्हा," त्या म्हणतात. सगळ्यांदेखत.

मी उठून बसते. अंगणात ऊन आहे, अंधार पडायच्या आत मोजून होईल. माप शोधते, चपला घालते, पिशवीला हात घालते.

ती जड आहे. अर्धी भरलेली, गार. तोंडाला जांभळ्या काठाची चिंधी, वन्संची गाठ.